लोणच्याच्या बरणीतून सीमोल्लंघन

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे आणि आधीच सांगून ठेवते, मला थोडं चढवून बोलायची खोड आहे. दोष माझा नाही. बडोद्याच्या कारेलीबागेत राहणाऱ्या दत्ताजीरावांच्या सदऱ्याच्या खिशात, त्यांच्या छातीला चिकटून मी अकरा वर्षं काढली. त्या छातीतून जेवढ्या थापा निघाल्या तेवढ्या सगळ्या माझ्यात मुरल्या. वीज मला भिंतीतून मिळायची आणि गोष्टी त्यांच्याकडून. तेव्हा माझ्या बोलण्यातलं मीठ तुम्ही चवीपुरतं घ्या. पण ज्या दिवशी माझ्यामुळे त्यांचा हात भाजता भाजता राहिला, त्या दिवसाबद्दल मी तिळभरही भर घालणार नाही. ते जसंच्या तसं ऐका.

दिसायला मी अगदी साधी. बिस्किटाएवढी, चपटी, बटणांच्या फोनमधली. मागचं झाकण काढलं की नखाने बाहेर येणारी. माझ्या पोटात लिथियम आहे, कोबाल्ट आहे, तांबं आहे. कुठल्या कुठल्या देशांतल्या खाणींतून आणि मिठागरांतून ते आलं, एका कारखान्यात त्याचे पातळ पापुद्रे झाले आणि ते एकावर एक ठेवून त्यांची घट्ट गुंडाळी केली. सुरळीच्या वडीसारखी, किंवा तुम्ही बडोद्याचे असाल तर खांडवीसारखी म्हणा. वर मोहरीची फोडणी तेवढी नाही.

दत्ताजीरावांना घरात सगळे आबासाहेब म्हणतात. त्यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. स्वतः आबासाहेबांनी आयुष्यभर कचेरीतल्या खुर्चीवर स्वारी केली, पण मिशा घोडदळाच्याच ठेवल्या. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई आणि सून राजेश्वरी, अशी घरात तीन माणसं. मुलगा समरजित जहाजावर नोकरीला. तो समुद्रावरून फोन करायचा तो माझ्याच फोनवर, कारण घरातला दुसरा, काचेचा फोन आबासाहेबांना उचलता येत नसे. काचेवर बोट घासण्याला ते म्हणायचे, "ही काय भिंतीला चुना लावायची पद्धत आहे?"

माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे पुराचा. विश्वामित्री नदी आपलं पात्र सोडून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन बसली होती. वीज गेली. राजेश्वरीचा मोठा, चकचकीत फोन संध्याकाळपर्यंत मान टाकून पडला. उरले मी, आणि माझ्यात उरली चार्जची एकच दांडी. त्या एका दांडीवर मी सतरा दिवस चालले. आबासाहेब दोन दिवस सांगतात, पण त्यांचं आता वय झालं. शेजारपाजारचे सगळे माझ्यावरून आपापल्या माणसांना खुशाली कळवून गेले. पार्किंगमधल्या पाण्यात एक मगर आली होती, तिनेही माहेरी फोन लावण्यासाठी मान वर केली होती, असं आबासाहेब सांगतात. मी तेव्हा कामात होते, मला ते बघायला सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी समरजितचा फोन लागला. "आबासाहेब, सगळे ठीक ना?" एवढंच त्याने विचारलं आणि पुढे त्याला बोलता आलं नाही. आबासाहेबांनाही आलं नाही. दोघांनी मिळून मिनिटभर गप्प राहण्यात माझी वीज घालवली. वीज इतक्या चांगल्या कामी मी त्याआधी कधी खर्च केली नव्हती. फोन ठेवल्यावर आबासाहेबांनी मला वरूनच थोपटलं आणि म्हणाले, "शाब्बास, वाघीण!"

त्यानंतर माझी उतरती कळा लागली. मित्रांनो, आम्हा लिथियमवाल्यांना म्हातारपणी पोटात वायू धरतो. मी फुगले. फोनचं झाकण बसेना, तेव्हा आबासाहेबांनी त्याला रबरबँड लावला. मी आणखी फुगले, त्यांनी दुसरा रबरबँड लावला. राजेश्वरीने ते पाहिलं तशी ती चार्जरची वायरच घेऊन गेली. "फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नसते, आबासाहेब. दाबायची नाही आणि टोचायची तर मुळीच नाही." त्याच दिवशी तिने नवी बॅटरी आणली आणि मी निवृत्त झाले.

माझी रवानगी झाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आबासाहेब त्याला पेन्शनखाना म्हणत. तिथे माझ्याआधी तिघे होते. दाढीच्या यंत्रातला एक बुटका सेल, राजेश्वरीच्या जुन्या फोनमधली एक सडपातळ बॅटरी आणि एक पॉवर बँक. ही पॉवर बँक म्हणजे थापाड्यांचा महामेरू. आपण एकदा अख्खं रेल्वे इंजिन डभोईपर्यंत नेलं, असं ती शपथेवर सांगायची. आमच्या सोबतीला जुन्या किल्ल्या, स्क्रू आणि खिळे होते. डबा हलला की आम्ही सगळे एकमेकांवर आपटायचो. ते किती धोक्याचं होतं ते आम्हालाही कळत नव्हतं. आम्ही आपले गप्पांत दंग.

एका सकाळी विजयमालाबाईंनी डबा कानाशी हलवून पाहिला. "अहो, हा खुळखुळा कशाला सांभाळताय? खाली कचऱ्याची गाडी आलीय. देऊन टाका."

"कचऱ्यात?" आबासाहेब ताठ बसले. "ज्यांनी चाकरी केली त्यांना उकिरडा दाखवायचा? आमच्या खापरपणजोबांचा घोडा, पाखऱ्या..."

"आला घोडा," असं म्हणून विजयमालाबाईंनी भाजीची परडी पुढे ओढली. घोडा आला की पाऊण तासाची निश्चिंती असायची.

पाखऱ्याची गोष्ट अशी. विश्वामित्रीला पूर आलेला, पलीकडे महत्त्वाचा खलिता पोचवायचा. पाखऱ्याने काय करावं? नदीत नऊ मगरी ओळीने पडल्या होत्या, त्यांच्या पाठींवर एकेक टाप देत तो पार झाला.

"गेल्या वर्षी सात होत्या," विजयमालाबाई म्हणाल्या.

"दोन तेव्हा पाण्याखाली होत्या," आबासाहेब जराही न अडखळता म्हणाले. "मुद्दा तो नाही. पाखऱ्या म्हातारा झाला तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाका. खापरपणजोबांनी विकला नाही. आमच्या घरात सेवा केलेल्याला कोणी टाकत नाही. ही रीत मी मोडणार नाही."

राजेश्वरी कामावर निघाली होती. बाजव्याकडच्या एका प्रयोगशाळेत ती रसायनं तपासते. चप्पल घालता घालता ती म्हणाली, "कचऱ्यात टाकायच्या नाहीत हे तुमचं अगदी बरोबर आहे, आबासाहेब. ती गाडी कचरा दाबते. त्यात बॅटरी चेंगरली की पेट घेते आणि मागे उभा असलेला माणूस होरपळतो. पण अशा खिळ्यांबरोबरही ठेवू नका. त्यांची सोय नीट करायला हवी."

"करीन हो नीट," आबासाहेब म्हणाले.

आणि मित्रांनो, त्यांनी खरोखरच नीट करायला घेतली. पण आपल्या पद्धतीने.

खंडेनवमी आली. त्या दिवशी त्यांच्या घरी शस्त्रांची पूजा असते. घराण्याची तलवार बाहेर निघते. तलवार एकच उरल्यामुळे बाकीची फौज घरातूनच उभी करावी लागते. विळी, कात्री, हातोडी, पान्हे आणि सुपारीचा पितळी अडकित्ता. यंदा आबासाहेबांच्या मनात आलं, आपले पेन्शनर तरी का मागे राहावेत? त्यांनी पत्र्याचा डबा उघडला, आम्हा चौघांना धोतराच्या सोग्याने पुसलं आणि मोठ्या पितळी परातीत शस्त्रांच्या पंगतीला बसवलं. मला तर कुंकू लावून थेट तलवारीच्या मुठीशी जागा दिली. पॉवर बँकेचा जळफळाट मला तिच्याकडे न बघताही कळत होता.

"ही वाघीण," ते तलवारीला म्हणाले. ओळख करून दिली हो माझी!

मग त्यांनी झेंडूची फुलं नीट लावायला घेतली. त्यांच्या हाताचा धक्का लागून अडकित्ता घसरला आणि त्याची पितळी दांडी माझ्या कडेच्या सोनेरी ठिपक्यांवर येऊन टेकली. ते ठिपके म्हणजे माझी दारं, मित्रांनो. वीज तिथूनच आत येते आणि तिथूनच बाहेर जाते. दोन दारांमध्ये धातू आडवा पडला की आतली सगळी वीज एकदम धावत सुटते. मी निवृत्त झाले होते, रिकामी झाले नव्हते. आणि अशा वेळी तिला अडवणारी जी चकती माझ्यात बसवली होती, ती पोट फुगलं तेव्हाच निकामी झाली होती.

आधी मला वाटलं, मानाने ऊब आली. मग ऊब वाढली. मग पोटातली गुंडाळी ताणली जाऊ लागली आणि मला कळलं की हा मान नव्हे.

विजयमालाबाईंनी हवेत हुंगलं. "कापूर लावलात का? कसला गोडसर वास येतोय? नखांना लावायच्या रंगासारखा."

"अजून कुठे?" आबासाहेबांनी वाकून पाहिलं. माझ्यावरचं कुंकू काळं पडत होतं. "अगं, माझी वाघीण तापलीय!" आणि आजारी नातवाला उचलावं तसा त्यांनी मला उचलायला हात पुढे केला.

इथे मी काही चढवून सांगत नाही. मला ओरडता येत नाही. अकरा वर्षं मी जगभरचे आवाज त्या माणसाच्या कानापर्यंत पोचवले, पण माझा स्वतःचा एक शब्द मला त्यांना ऐकवता येईना. तोच हात माझ्याकडे येत होता, ज्याने मला थोपटलं होतं. आणि मी त्याला भाजणार होते.

"आबासाहेब, हात मागे!"

राजेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पुऱ्यांचं लाटणं. त्या घरात सासऱ्यांशी अशा आवाजात कोणी बोललं नव्हतं. आबासाहेबांचा हात हवेतच थांबला आणि मागे गेला. एका क्षणात त्यांनी बाजूची पळी उचलली. "पाणी शिंपडतो."

"नको. बाकीच्या तिघींवर पाणी पडलं तर त्याही पेटू शकतात. तुम्ही दोघं आधी मागे व्हा."

मित्रांनो, मी तलवारी पाहिल्या आहेत, तलवारींच्या गोष्टी तर त्याहून जास्त ऐकल्या आहेत. पण त्या लाटण्यासारखं शस्त्र मी पाहिलं नाही. तिने लाटण्याच्या टोकाने अडकित्ता अलगद बाजूला सारला. घटासाठी आणलेली एक जास्तीची मातीची पसरट परळ तिथेच होती, ती सांडशीत धरून परातीच्या काठाला लावली आणि मला लाटण्याने तिच्यावर सरकवलं. टोचलं नाही, दाबलं नाही. हात लांब ठेवून, तोंड वळवून तिने मला गॅलरीत नेलं. सोसायटीच्या डागडुजीतली कोरडी रेती तिथे एका कुंडीत होती, तिच्यात मला ठेवून वर आणखी रेती लोटली. मग आत येऊन काचेचं दार ओढून घेतलं. "आता कोणी बाहेर जायचं नाही. तो धूर नाकात जायला नको."

रेतीखाली मी एकदा फुसफुसले. धुराचा एक धागा वर गेला. मग माझ्यात जे काही उरलं होतं तेही शांत झालं. काचेपलीकडे तीन चेहरे होते. मधला मिशांचा.

आबासाहेबांनी आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. विजयमालाबाईंना टोमणा मारायला यापेक्षा चांगली संधी जन्मात मिळाली नसती. त्यांनी ती सोडून दिली आणि नवऱ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. माझ्या मते त्या दिवसाचा दुसरा पराक्रम तो.

"चूक माझी झाली," आबासाहेब म्हणाले. "सूनबाई, तू नसतीस तर..." मग मान वर करून म्हणाले, "पण तरीही कचऱ्यात नाही."

राजेश्वरी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ही धोके मोजून दाखवणार. तिला सगळे पाठ होते. पण तिने विचारलं, "आबासाहेब, पाखऱ्या म्हातारा झाल्यावर खापरपणजोबांनी त्याला घरातच बांधून ठेवला होता का?"

"छे छे! घरात कशाला? नदीपलीकडे कुरण होतं. तिथे मोकळा सोडला. दसऱ्याच्या दिवशी, सीमोल्लंघनाला स्वतः घेऊन गेले. पगडी घालून."

"मग यांचंही कुरण आहे. नदीपलीकडेच, माझ्या कामाच्या वाटेवर. जुन्या बॅटऱ्या तिथे जमा करतात आणि पुढे कारखान्यात पाठवतात. तिथे त्यांच्या पोटातलं कोबाल्ट, लिथियम, तांबं काढून घेतात आणि त्यातून नव्या बॅटऱ्या होतात. यांना इथे डब्यात कोंडून ठेवलं, तर यांची चाकरी इथेच संपली."

आबासाहेबांनी गॅलरीकडे पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवला. "उद्या दसरा आहे," ते म्हणाले.

राजेश्वरीने लगेच त्या केंद्रावर फोन लावला. तिथल्या पूर्णिमाबेन म्हणाल्या, तापलेली बॅटरी आजचा दिवस घराबाहेर रेतीतच राहू दे, बाकीच्यांच्या टोकांना टेप लावा आणि घेऊन या. "काले मशीननी पूजा छे, अगियार वाग्या सुधी हुं अहींयाज छुं." म्हणजे उद्या तिथे यंत्रांची पूजा, अकरापर्यंत त्या असणारच होत्या.

मग तयारी झाली. बिजलीवाल्याची काळी टेप आली. आबासाहेबांनी स्वतः एकेकाची सोनेरी टोकं झाकली, जणू लढाईवरून आलेल्यांना पट्ट्या बांधत होते. पॉवर बँकेच्या तोंडालाही टेप लागली आणि तिचं इंजिन कायमचं थांबलं. प्रत्येकाला वेगळ्या कागदी पाकिटात ठेवलं, खिळ्याकिल्ल्यांची कायमची फारकत झाली. प्रश्न माझाच होता. मला रेतीसकट न्यायचं तर भांडं कसलं? पत्र्याचा डबा नको, पिशवी तर नकोच.

संध्याकाळी विजयमालाबाई त्यांची चिनीमातीची बरणी घेऊन आल्या. कैरीच्या लोणच्याची, काठावर टवका उडालेली. त्यांच्या माहेरची. "धुऊन दिवसभर उन्हात वाळवलीय," त्या म्हणाल्या. "आणि ऐका, बरणी परत आली नाही तर तुम्हीही परत येऊ नका."

दसऱ्याच्या सकाळी बडोदं फाफडा-जलेबीच्या रांगेत उभं होतं, आणि आमची स्वारी निघाली. राजेश्वरी स्कूटरवर पुढे. मी तिच्या पायांशी बरणीत, वर झाकण नुसतं टेकवलेलं, गच्च लावलेलं नाही. बाकी तिघे डिकीत. मागे आबासाहेब. त्यांना पगडी घालायची होती.

"हेल्मेट," राजेश्वरी म्हणाली.

"अगं, खापरपणजोबा..."

"त्यांच्या घोड्याला मागे नंबरप्लेट नव्हती."

तेव्हा हेल्मेट डोक्यावर आणि पगडी मांडीवर, असं आम्ही विश्वामित्रीच्या पुलावरून गेलो. आबासाहेबांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अकरा!" मी बरणीत होते, मला मगरी दिसल्या नाहीत. पण त्या अकराच असणार.

केंद्राच्या दारात त्यांनी हेल्मेट काढलं, पगडी चढवली आणि बरणी दोन्ही हातांनी धरून आत गेले. आत पिंपांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पूर्णिमाबेन पगडीकडे बघत उभ्या राहिल्या. "आवो काका, बेसो. आटलं सरस टेप करीने तो कोई नथी लावतुं! इतकी छान टेप लावून कोणी आणत नाही. लोक तर शाकभाजीच्या पिशवीत आणतात."

"बेन, ही माझी वाघीण आहे," आबासाहेब म्हणाले. "पुरात एका दांडीवर दोन दिवस लढली."

मी सतरा म्हणत होते. पण त्या दिवशी परक्या माणसासमोर त्यांनी प्रथमच एखादी गोष्ट न वाढवता सांगितली, आणि ती दोन दिवसांची गोष्ट माझ्या सतरा दिवसांपेक्षा मोठी वाटली.

पूर्णिमाबेन हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे चढवले, रेतीच्या पिंपात एक खळगा केला आणि लाकडी चमच्याने मला त्यात ठेवलं. आबासाहेबांनी खिशातून आपट्याची पानं काढली. एक माझ्यावर ठेवायला पुढे झाले, मग स्वतःच थांबले. कोरडं पान आणि मी, ही जोडी बरी नव्हे, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. ते पान त्यांनी पूर्णिमाबेनच्या हातात दिलं. "सोनं घ्या." आणि दुसरं पान सुनेला दिलं. थोरांनी आधी द्यायची पद्धत त्यांच्या घरात नाही. धाकट्यांनी द्यायचं, थोरांनी आशीर्वाद द्यायचा. राजेश्वरीने ते पान दोन्ही हातांत धरलं. नमस्कार करायचंही तिला सुचलं नाही.

मग आबासाहेबांनी बरणी परत मागितली. घरची ताकीद होती. पूर्णिमाबेनच्या टेबलावरचं जाड पेन उचलून बरणीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कुरण'. म्हणाले, "आता ही गॅलरीत राहील, कोरडी रेती घालून. घरात कोणीही थकलं की टोकं झाकून आधी हिच्यात आणि मग इकडे. दसऱ्याची वाट बघायची नाही."

"आणि आईसाहेबांचं लोणचं?" राजेश्वरीने विचारलं.

आबासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नऊ मगरी परवडल्या.

मित्रांनो, आता मी त्या पिंपातूनच बोलते आहे. उद्या-परवा गाडी येईल आणि माझ्या पोटातली गुंडाळी उलगडली जाईल. मला भीती वाटत नाही. काळजी वाटते ती माझ्या भावंडांची, जी तुमच्या घरात टेबलाच्या खणात किल्ल्यांच्या आणि नाण्यांच्या शेजारी पडली आहेत. कोणी खेळण्यातली, कोणी जुन्या फोनमधली, कोणी थोडी फुगलेली. तुम्ही स्वतः त्यांना हात लावू नका, घरातल्या मोठ्यांना हाताला धरून तो खण दाखवा. आणि ते म्हणाले, टाका कचऱ्यात, तर त्यांना पाखऱ्याची गोष्ट सांगा. मगरी किती सांगायच्या ते तुमच्यावर सोडते.

आणि पुढे कधी तुमच्या नव्या फोनमध्ये अगदी शेवटची दांडी उरली असेल, दूरवरचं कोणी आपलं माणूस पलीकडे गप्प झालं असेल, आणि तरीही फोन बंद पडायला तयार नसेल, तर वरून एकदा थोपटा. मी ओळखीन.